मराठी डीटीपीसाठी मोफत सॉफ्टवेअर: काय चालतं, कुठे अडतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावी डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, शाळांची प्रमाणपत्रं, पतसंस्थेचा वार्षिक अहवाल, फ्लेक्स आणि ऑनलाइन अर्जांचे फोटो ही रोजची कामं. पेजमेकर, कोरल, फोटोशॉप, ऑफिस हे सगळं कुणीतरी येऊन टाकून दिलेलं. आता नवा संगणक घ्यायचा आहे, सगळं विकत घेणं झेपत नाही आणि चोरीचं पुन्हा टाकायचं नाही. मोफत सॉफ्टवेअरवर दुकान चालेल का, आणि मराठी नीट उमटेल का?

चालेल. मी छपाईपूर्व कामात आहे. लोकांनी पाठवलेल्या फाइली उघडायच्या, दुरुस्त करायच्या आणि छपाईच्या प्लेटपर्यंत न्यायच्या हेच रोज करतो. मोफत सॉफ्टवेअरमधून आलेल्या फाइली आमच्याकडे नियमित छापल्या जातात. पण एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बहुतेक जण तिथेच माघार घेतात. तुम्हाला अडवून ठेवलंय ते फोटोशॉपने किंवा पेजमेकरने नाही, जुन्या फॉन्टांनी. फॉन्टाचा प्रश्न सुटला की सॉफ्टवेअर बदलणं सोपं आहे. तो न सोडवता कितीही चांगलं सॉफ्टवेअर आणलं तरी महिन्याभरात परत जुन्या मशिनवर बसाल.

पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.० ही २००१ ची. त्याला युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरलेला कोड देणारी पद्धत, कळतच नाही. म्हणून आपल्याकडे श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, आकृती असे फॉन्ट रुळले. त्यांत दिसायला मराठी असतं, आत मात्र इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड साठवलेले असतात. फॉन्ट काढला की मजकुराचा कचरा होतो. तुमच्या दुकानातला गेल्या कित्येक वर्षांचा मजकूर बहुधा असाच असणार: पतसंस्थेचा मागचा अहवाल, पत्रिकेचे मायने, शाळेच्या दाखल्यांचे नमुने. हा सगळा युनिकोडमध्ये आणावा लागेल. रूपांतर करणारी साधनं मोफत मिळतात. त्यांतून आलेला मजकूर तसाच पुढे पाठवायचा मात्र नाही.

का, ते दोन शब्दांवर बघा. ‘आर्थिक’ हा शब्द जुन्या फॉन्टात दिसेल त्या क्रमाने टंकलेला असतो: आधी आ, मग पहिली वेलांटी, मग थ, त्यावर रफार, मग क. युनिकोडमध्ये तो उच्चाराच्या क्रमाने साठतो: आ, अर्धा र, थ, वेलांटी, क. रूपांतर करताना वेलांटी आणि रफार दोन्ही एकाच अक्षरावर आले की साधन हमखास गडबडतं. म्हणून मजकूर बदलून आला की मी आधी ‘आर्थिक’, ‘वार्षिक’, ‘धार्मिक’ असे शब्द शोधून पाहतो. पतसंस्थेच्या अहवालात पहिले दोन तर पानोपानी असतात.

दुसरा शब्द ‘दुसऱ्या’. यातला अर्धा र दोन पद्धतींनी साठवता येतो. एक सरळ पद्धत, म्हणजे ऱ हे वेगळं अक्षर घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरीत साधा र, त्याचा पाय आणि त्याच्या पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. दोन्ही पडद्यावर सारखंच दिसतं. पण मजकूर ईमेलमधून किंवा एखाद्या वेबसाइटवरच्या चौकटीतून गेला की ते न दिसणारं चिन्ह कधीकधी गळून पडतं आणि ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, य वर रफार चढतो. ‘वऱ्हाडी मंडळी’ असलेल्या पत्रिकेत हे झालं तर गिऱ्हाईक छापलेला गठ्ठा परत आणून देईल. उपाय सोपा आहे: मजकुरातला एक ‘र्‍’ त्याच्या दडलेल्या चिन्हासकट कॉपी करा, शोधा-बदला खिडकीत वरच्या रकान्यात चिकटवा, खालच्या रकान्यात ‘ऱ्’ टाका आणि सगळं बदलून घ्या. नव्याने टंकताना विंडोजमध्येच असलेला मराठी इनस्क्रिप्ट कळफलक लावा. त्यात शिफ्ट धरून इंग्रजी ‘जे’ दाबलं की ऱ येतो, मग ‘डी’ने पाय मोडायचा आणि पुढे य किंवा ह. जुन्या मांडणीवर बसलेल्या ऑपरेटरची बोटं सुरुवातीला नाराज होतात, हे खरं आहे. त्याला सवयीसाठी वेळ द्या. लग्नसराईच्या तोंडावर मांडणी बदलायला लावू नका.

फॉन्टासाठी एक पैसा द्यावा लागत नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्त आणि बलू, गूगलचे नोटो सॅन्स आणि नोटो सेरिफ देवनागरी, टिरो देवनागरी मराठी, आणि राज्य मराठी विकास संस्थेच्या यशोमुद्रेवरून आयआयटी मुंबईने केलेला शोभिका, हे सगळे मोफत परवान्याचे आहेत. धंद्यासाठी, छपाईसाठी, पीडीएफमध्ये घालण्यासाठी बिनदिक्कत वापरा. अहवालाच्या मजकुराला मी शोभिका किंवा टिरो घेतो, मथळ्यांना मुक्त. पत्रिकेच्या नक्षीदार अक्षरांच्या बाबतीत जुन्या फॉन्टांची विविधता अजून मोठी आहे, हे मान्य करायलाच हवं. वधू-वरांच्या नावांसाठी एखादा चांगला युनिकोड फॉन्ट विकत घ्यावा लागला तर घ्या. तो खर्च पूर्ण सॉफ्टवेअरच्या मानाने किरकोळ आहे.

आता कागदपत्रं. ऑफिसच्या जागी लिबरऑफिस. ओपनऑफिसमधून २०१० मध्ये वेगळं झालेलं हे पॅकेज आज त्या घराण्यातलं सगळ्यात जिवंत आहे. ओपनऑफिस या नावाने मिळणारं जुनं घेऊ नका. लिबरऑफिस टाकल्यावर पहिलं काम: टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये जाऊन भाषांच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करा आणि तिथली भाषा हिंदी असेल तर मराठी करा. हे फक्त शुद्धलेखन तपासणीपुरतं नाही. कित्येक फॉन्टांमध्ये ल आणि श यांची मराठी वळणं आणि हिंदी वळणं अशी दोन्ही भरलेली असतात. मजकुराची भाषा मराठी असेल तरच पाकळीचा ल आणि देठाचा श उमटतो. राज्य शासनाने वर्णमालेच्या निर्णयात हीच वळणं प्रमाण धरली आहेत, त्यामुळे शाळा आणि सरकारी कार्यालयांच्या कामात हे बघितलं जातं. आणखी एक फसगत अशी की फॉन्टाच्या खिडकीत पाश्चात्त्य मजकुराचा फॉन्ट वेगळा आणि देवनागरीचा वेगळा असतो. ‘फॉन्ट बदलला तरी अक्षर बदलत नाही’ अशी तक्रार येते ती बहुतेक वेळा दुसरा रकाना न बदलल्यामुळे.

गिऱ्हाइकाची वर्डची फाइल लिबरऑफिसमध्ये उघडते. पत्रं, अर्ज, ठराव यांना काही अडचण येत नाही. पानं सरकतात ती बहुतेक वेळा फॉन्ट मशिनवर नसल्यामुळे. मंगल किंवा कोकिला हे विंडोजचे फॉन्ट आहेत. तुमचा संगणक लिनक्सवर असेल तर ते नसणार, दुसरा फॉन्ट बसवला जाईल आणि ओळी हलतील. तुम्ही पाठवणार असाल तेव्हा फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्ट आतच बसवण्याची सोय आहे, ती चालू ठेवा. एक्सेलच्या साध्या तक्त्यांना लिबरऑफिसमधलं कॅल्क पुरतं. मात्र एखाद्या संस्थेने मॅक्रोंनी (आपोआप चालणाऱ्या आज्ञांनी) भरलेली एक्सेल शीट दिली तर ती कॅल्कमध्ये धडपडते, अशा कामाला हात घालताना आधी तपासून घ्या.

शाळांच्या प्रमाणपत्रांसाठी तर लिबरऑफिसचा राइटर मला फार आवडतो. नावं, इयत्ता, क्रमांक कॅल्कच्या शीटमध्ये भरायचे, प्रमाणपत्राचा नमुना राइटरमध्ये करायचा, मेल मर्ज (शीटमधली माहिती नमुन्यात आपोआप भरणारी सोय) लावायचं आणि एकेका मुलाची वेगळी पीडीएफ काढायची. नावातली चूक शीटमध्ये दुरुस्त केली की झालं. नुसत्या मजकुराचं एकरंगी पुस्तक किंवा स्मरणिकाही राइटरमध्ये उत्तम होते: शैली नीट लावल्या की अनुक्रमणिका आपोआप बनते, तळटीपा सांभाळल्या जातात, डाव्या-उजव्या पानांचे समास वेगळे ठेवता येतात. त्यासाठी पेजमेकरसारखं काही लागत नाही.

चार रंगांचं काम आलं की गोष्ट बदलते, आणि तिथे स्क्रायबस हे पानं मांडायचं मोफत सॉफ्टवेअर लागतं. याच्याबद्दल ‘मराठी तुटतं’ असं तुम्ही ऐकलं असेल. १.४ या आवृत्तीपर्यंत ते खरं होतं. १.५ च्या विकास-आवृत्त्यांत जोडाक्षरं जोडणारं इंजिन आलं आणि जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या १.६ पासून ते स्थिर आवृत्तीत आहे. त्यामुळे १.६ किंवा त्यापुढचंच घ्या. विंडोजवर त्याबरोबर घोस्टस्क्रिप्ट हा प्रोग्राम वेगळा टाकावा लागतो, नाहीतर छपाईपूर्व झलक दिसत नाही. आणि ती झलक हेच स्क्रायबस घेण्याचं मोठं कारण आहे: निळी, गुलाबी, पिवळी, काळी अशा चारही प्लेटा एकेक करून बघता येतात.

हे का महत्त्वाचं आहे ते सांगतो, कारण बाहेरून आलेल्या फाइलींत मला सगळ्यात जास्त सापडणारी चूक हीच असते. पडद्यावरचे रंग तीन प्रकाशरंगांतून बनतात, आणि काळा म्हणजे तिन्ही शून्य. तशी फाइल प्रेसमध्ये चार रंगांत बदलली की काळ्या अक्षराचं चारही प्लेटांवर वाटप होतं. दहा पॉइंटच्या मराठी मजकुरात रजिस्टर, म्हणजे चारही प्लेटांची एकमेकींवरची जुळणी, केसभर जरी हललं, तरी शिरोरेषेच्या वर गुलाबी आणि खाली निळी झाक दिसते, अनुस्वार आणि मात्रा भरून जातात. रोमन लिपीला शिरोरेषा नाही, त्यामुळे तिकडे हे इतकं डोळ्यात भरत नाही. आपल्याकडे अख्खी ओळ खराब दिसते. मजकूर फक्त काळ्या प्लेटवर, शंभर टक्के, असाच हवा. स्क्रायबसच्या झलकेत काळी प्लेट बंद करा. मजकूर पूर्ण नाहीसा झाला तर फाइल बरोबर. पुसट भूत मागे राहिलं तर रंग चुकलाय.

ते भूत बहुतेक वेळा इंकस्केपमधून येतं. कोरलच्या जागी मी इंकस्केपच सुचवतो: पत्रिकेची नक्षी, बोधचिन्ह, व्हिजिटिंग कार्ड, फ्लेक्सचा आराखडा, सगळं त्यात होतं, १.२ पासून एकाच फाइलमध्ये अनेक पानंही ठेवता येतात, आणि मराठी पहिल्यापासून नीट जोडलं जातं. पण त्याचा मूळ रंगव्यवहार पडद्याचाच आहे, त्यातून थेट काढलेली पीडीएफ ऑफसेटला देऊ नये. माझी वाट अशी: इंकस्केपमध्ये चित्र पूर्ण करायचं, एक प्रत तशीच जपून ठेवायची, दुसऱ्या प्रतीत कंट्रोल-शिफ्ट-सी दाबून अक्षरांचे कर्व्ह करायचे, म्हणजे फॉन्टाशिवाय टिकणारे आकार, आणि ती एसव्हीजी (इंकस्केपची फाइल) स्क्रायबसमध्ये आणायची. मग स्क्रायबसच्या रंगांच्या यादीत ‘फ्रॉम एसव्हीजी’ या नावाने सुरू होणारे रंग दिसतात. एकेकाला उघडून चार रंगांच्या पद्धतीत बदलायचं. काळ्याला पहिले तीन शून्य आणि शेवटचा शंभर. लग्नपत्रिकेत रंग असतात मोजके, पटकन होतं. शेवटी कडेला तीन मिलिमीटर ब्लीड (कापून जाणारी जादा जागा) ठेवून पीडीएफ-एक्स या छपाईसाठीच्या प्रकारची पीडीएफ काढा. कोणता प्रकार हवा ते प्रेसला आधी विचारा. फ्लेक्सवाल्याला हे काही लागत नाही, त्याला इंकस्केपमधून मोठ्या आकाराचं चित्र काढून दिलं तरी चालतं.

जुन्या फाइलींचं काय, हा प्रश्न उरतो. कोरलच्या फाइली इंकस्केप आणि लिबरऑफिस ड्रॉ दोन्ही उघडतात, आणि ड्रॉ तर पेजमेकरच्या फाइलीही उघडतो. आकार, चित्रं, मांडणी बऱ्यापैकी हाती लागते. मजकूर मात्र जुन्याच फॉन्टाचा असतो, तो वर सांगितलं तसा बदलावा लागतो. म्हणून माझा आग्रह आहे की जुनं मशिन बंद करण्याआधी दरवर्षी परत येणाऱ्या कामांची एकेक पीडीएफ काढून ठेवा. नव्याने मांडताना ती समोर ठेवायला नमुना म्हणून उपयोगी पडते. सगळा संग्रह एकदम रूपांतरित करायच्या मागे लागू नका. काम आलं की ते बदला.

फोटोंसाठी जिंप. १९९५ पासून चालत आलेलं आहे, आणि मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० मध्ये पूर्वीची मोठी उणीव भरून निघाली: फिल्टर लावला की तो कायमचा चिकटत नाही, नंतर बदलता किंवा काढता येतो. तुमच्या दुकानातलं काम म्हणजे पासपोर्ट फोटो, जुन्या फोटोंची दुरुस्ती आणि अर्जांसाठी फोटो लहान करणं. हे सगळं जिंपमध्ये आरामात होतं. बँक भरतीच्या अर्जांत फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी अशी अट असते. जेपेग काढताना झलक दाखवण्याची खूण लावली की दर्जाची पट्टी सरकवताना फाइलचा आकार तिथेच दिसतो, अंदाज करत बसावं लागत नाही. पासपोर्टसाठी कापण्याच्या साधनात ३५ ला ४५ हे प्रमाण पक्कं करून ठेवा. फोटोशॉपमध्ये एका क्लिकमध्ये पार्श्वभूमी निघते, तितकी सफाई जिंपमध्ये नाही. केसांच्या कडेला हाताने काम करावं लागतं.

दुसऱ्याने पाठवलेली फोटोशॉपची पीएसडी फाइल उघडायची असेल तर जिंपपेक्षा फोटोपी बरं. ते ब्राउझरमध्ये चालतं, फाइल तुमच्याच संगणकावर राहते, दिसायलाही फोटोशॉपसारखं आहे, त्यामुळे जुन्या ऑपरेटरला परकं वाटत नाही. जाहिराती दिसतात तेवढंच. ते मोफत असलं तरी खुल्या परवान्याचं नाही. हीच गोष्ट ॲफिनिटीची. कॅनव्हाने २०२४ मध्ये ते विकत घेतलं आणि २०२५ च्या अखेरीस मोफत केलं. साधन ताकदीचं आहे, पण देवनागरी जोडण्यात ते वर्षानुवर्षं मागे होतं, आणि मोफत ठेवायचं की नाही हे शेवटी कंपनीच्या हातात राहतं. लिबरऑफिस, जिंप, इंकस्केप, स्क्रायबस यांचं तसं नाही. त्यांचा परवाना धंद्यासाठी वापर, कितीही संगणक आणि कितीही वर्षं याला मोकळा आहे. तुमच्यासारख्या दुकानाचा कणा अशाच साधनांवर असावा, हे माझं ठाम मत आहे. बाकीची मदतीला ठेवा.

कोणतंही नवं सॉफ्टवेअर कुणी सुचवलं तर त्याची वैशिष्ट्यं वाचत बसण्याआधी एक ओळ टंकून बघा: ‘दुसऱ्या वऱ्हाडाची आर्थिक क्लृप्ती, शृंगार, राष्ट्र, ज्ञानेश्वर’. पडद्यावर नीट दिसली तर पीडीएफ काढून पुन्हा बघा, आणि मग कागदावर छापून. तिन्ही ठिकाणी शाबूत राहिली तरच पुढचा विचार.

पीडीएफच्या रोजच्या कामांना, म्हणजे पानं जोडणं, तोडणं, फिरवणं, यासाठी पीडीएफसॅम बेसिक पुरतं. पीडीएफमधला मराठी मजकूर दुरुस्त करायला कुणी आलं तर शक्यतो मूळ फाइल मागा. ड्रॉमध्ये उघडून एखादा आकडा बदलता येतो, पण मराठी शब्दांचे तुकडे पडतात. स्कॅन केलेल्या कागदावरून मजकूर हवा असेल तर टेसरॅक्ट हे मोफत साधन मराठी वाचतं. स्वच्छ छापील पान ३०० डीपीआयला स्कॅन केलं तर टंकण्याचे बरेच श्रम वाचतात, मुद्रितशोधन मात्र ओळ न ओळ करावं लागतं. आधार कार्ड, सातबारा, बँकेची कागदपत्रं पीडीएफ ‘फुकट’ जोडून देणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांवर चढवू नका. गिऱ्हाइकाचे कागद आहेत ते.

चोरीचं सॉफ्टवेअर सोडण्याचा तुमचा निर्णय योग्य आहे, आणि तो फक्त नीतीचा नाही. प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम ६३-ब प्रमाणे बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. कुलूप तोडणाऱ्या त्या छोट्या प्रोग्रामांबरोबर काय काय मशिनमध्ये शिरतं ते वेगळंच.

एक गोष्ट मोफत साधनांनी सुटणार नाही: इंकस्केप कोरलची फाइल उघडतं, पण त्या स्वरूपात लिहीत नाही. तुमचा प्रेसवाला ‘कोरलचीच फाइल द्या’ म्हणत असेल तर आताच त्याच्याशी बोलून घ्या. कर्व्ह केलेली किंवा फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ चालेल का, असं विचारा. बहुतेकांना चालते, प्लेट बनवणाऱ्या सीटीपी मशिनला शेवटी तशीच लागते. अजिबात ऐकत नसेल आणि त्याच्याकडे तुमचं बरंच काम जात असेल, तर एका संगणकापुरतं कोरल रीतसर विकत घ्या आणि बाकी सगळं मोफत साधनांवर ठेवा. सुरुवात पतसंस्थेच्या अहवालापासून करा. तो मार्चनंतर येतो, मजकूर गेल्या वर्षीचाच बराचसा असतो, आकडे बदलतात. एकदा युनिकोडमध्ये आणला की पुढच्या वर्षी तो तयार असेल.